पट्ट्याच्या आतले नाव

दिल्लीहून निघालेली बस सकाळी सव्वाअकराला चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या स्थानकात शिरली. सोलापूर सोडून दोन रात्री झाल्या होत्या. उत्तरेला शिवालिकच्या डोंगरांची रेघ दिसत होती. रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडे, आणि ठरावीक अंतरावर एकसारखे गोल चौक. या शहरात वळण चुकले तरी चटकन लक्षात येत नाही.

माझा थोरला भाऊ अविनाश लष्करात होता. शेवटची नेमणूक इथलीच. दोन वर्षांपूर्वी आजारात गेला. वहिनी आणि मुलगी ईरा आता चंदीगडजवळच्या खरड गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. ईराची लष्करी प्रशिक्षणासाठी निवड झाली असून ती चार दिवसांनी निघणार होती. तिला निरोप द्यायला मी आलो होतो.

जेवताना वहिनींनी कपाटातून एक चामड्याचा पट्टा काढला. तपकिरी, जाड, कडेने हाताची शिवण, बाहेरच्या बाजूवर कोरलेली साधी वेल. बकलाजवळ आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांत अविनाशचे नाव ठोकलेले.

“बाबांचा बेल्ट नेणार म्हणते,” वहिनी म्हणाल्या. “पण तिला केवढा मोठा होतो, बघा भावजी.”

“पक्का ले जाऊँगी, काका,” ईरा म्हणाली. तिला मराठी सगळे कळते; उत्तर हिंदीत येते.

हा पट्टा बारा वर्षांपूर्वी, अविनाशच्या इथल्या आधीच्या नेमणुकीत, इंडस्ट्रियल एरियातल्या बलबीरजी नावाच्या कारागिराने केला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे निघालो. पत्ता फेज एकचा होता, रिक्षावाल्याने फेज दोनमध्ये उतरवले. अर्धा तास चालावे लागले. वाटेत एका गाड्यावर कढी-चावल खाल्ले. कढी दाट, आंबट, भजी घातलेली. आपल्या कढीशी नावापुरतेच नाते.

बलबीरजी सत्तरीचे असावेत. खोली लहान, भिंतीवर आऱ्या, हातोडे, अक्षरांचे लोखंडी ठसे. पट्टा हातात घेताच त्यांनी नावाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवले.

“मेरा ही काम है. देखो, आख़िरी अक्षर गहरा है. हथौड़ा भारी पड़ गया था. मैंने कहा, नया बना देता हूँ. साहब बोले, रहने दीजिए.”

ईराने काम सांगितले. पट्टा आखूड करायचा आणि बाबांचे नाव पुन्हा ठोकायचे. कारण पट्टा बकलाकडून कापतात. टोकाकडून कापला तर भोके आणि वेलीचा शेवट जातो. बकलाकडून कापायचा, तर नाव जाणार होते.

बलबीरजींनी आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडला. ठसा उठायला चामडे ओले व्हावे लागते. थेंब आत मुरला नाही. मण्यासारखा तसाच राहिला.

“इस पर क्या लगाया है, बीबी जी?”

“नारियल का तेल,” वहिनी म्हणाल्या. “हर इतवार. हमारे यहाँ चप्पल को भी लगाते हैं.”

कापायच्या तुकड्याच्या कडेला त्यांनी एक अक्षर ठोकून पाहिले. दोन मिनिटांत ते पुसट झाले.

“म्हणजे मीच घालवलं,” वहिनी माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या. शब्द कळले नसतील, पण बलबीरजींनी मान हलवली.

“ना जी. तेल ना होता तो मोड़ पर कब का फट जाता. ज़िंदा तो आपने ही रखा है.”

“तो मत काटिए,” ईरा म्हणाली. मग लगेच, “पर पहनूँगी नहीं तो ले जाकर क्या करूँगी?”

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. नावाचा तुकडा कापून, खालून पातळ करून, आखूड केलेल्या पट्ट्याला बकलाजवळ आतून शिवता येईल. तेलावर गोंद धरत नाही, दोरा धरतो. धोका एकच होता: खोल गेलेल्या अक्षराखाली चामडे कमी होते.

“फट गया तो मुझे गाली मत देना, पुत्तर.”

“दूँगी,” ईरा म्हणाली. कोणी हसले नाही.

त्यांनी पंखा बंद केला. रापी (चामडे तासायचे रुंद पात्याचे हत्यार) अक्षरांखालून सरकू लागली. कातळ्या कागदासारख्या पडत होत्या. शेवटच्या अक्षराशी हात थांबला. त्यांनी तुकडा खिडकीसमोर धरला. अक्षराच्या तळाशी सुईच्या टोकाएवढा उजेड दिसत होता.

“यहाँ से आर-पार निकल गई,” ते म्हणाले. लपवले नाही.

वहिनींनी मान वळवली. ईराने तुकडा हातात घेतला, उजेडासमोर धरून पाहिला आणि परत दिला.

“रहने दीजिए.”

मग शिवण. एक मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत, असे त्यांनी सांगितले. मी टाके मोजले: एकतीस. निघताना वहिनींनी विचारले, तेल बंद करू का? “बिल्कुल नहीं,” बलबीरजी म्हणाले.

चौथ्या दिवशी ईरा पहाटे निघाली; पट्टा तिच्या कमरेला होता. दाराशी वहिनींनी तिच्या पिशवीत खोबरेल तेलाची लहान बाटली ठेवली. “दर रविवारी. विसरू नकोस.”

“नाही विसरणार, आई,” ईरा म्हणाली. चार दिवसांत तिच्या तोंडून ऐकलेले ते पहिले पूर्ण मराठी वाक्य.

दुपारी सेक्टर ४३ वरून माझी बस सुटली. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. वर्तमानपत्राच्या नोकरीत तीस वर्षे मी तेच केले. चामड्यावर तशी सोय नाही. तिथे चूक जपावी लागते, आणि ती जपायला दर रविवारी कोणालातरी बसावे लागते. आता ते काम वहिनींकडून ईराकडे गेले आहे. खरडच्या घरात या रविवारी वहिनी काय करतील, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.