कंडक्टरकाकांचा ढीग

“आग! आग लागली! अबे, पाणी आना कोनी!”

भर मांडवात नवरदेवाचे वडील सोफ्यावरून उठले नाहीत, उडाले. त्यांच्या पाठीमागे फुग्यांची कमान, कमानीमागे गुलाबी पडदा, आणि पडद्यामागून असा लोट निघत होता की आमच्या दारव्ह्यात वाफेचं इंजिन परत आलं असं वाटावं. वरातीतले चारसहा धट्टेकट्टे गडी धावले. पाणी लांब होतं, कढी जवळ होती. त्यांनी कढीचा गंज, म्हणजे हे भलं मोठं पातेलं, उचलला आणि पडद्यावरून भडाभडा रिकामा करायला घेतला.

“नका टाकू! शिजून राह्यलं ते!” फेटा सांभाळत नवरीचा बाप पडद्यामागे घुसून आडवा झाला.

“काय शिजून राह्यलं तिथं?”

“खत!”

हा नवरीचा बाप म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे कंडक्टरकाका. त्यांचं खरं आडनाव फक्त पोस्टमनला माहीत असावं, आणि त्यालाही पत्ता विचारतच यावं लागे. निवृत्तीनंतर काकांनी गाडी बदलली, एवढंच. अंगणातला ढीग ही नवी गाडी आणि सालपटं हे प्रवासी. ज्या माणसाने उभ्या हयातीत बाजाराच्या दिवशी माणसावर माणूस, माणसावर कोंबडी आणि कोंबडीवर कापसाचं गाठोडं रचलं, त्याला थर लावायला कोण शिकवणार? “एक थर वला, एक थर सुका, अन् मधात हवा,” ते सांगत. “गाडीत म्या कोनाले हवा लागू देली नाही. तेचं पाप इथं फेडून राह्यलो.”

रोज सकाळी ते गल्लीतून बादली घेऊन निघत. हातात जुना तिकिटाचा पंच. आमच्या दारात उभं राहून पंच टकटक वाजवायचे आणि ओरडायचे, “चला, सालपटं, देठं, चहाचा चोथा!” मग आमची बादली ढवळून तपासणी. एकदा तीत शाम्पूची पुडी सापडली. काकांनी ती चिमटीत धरून सगळ्या गल्लीला दाखवली. “हे पाहा, विनातिकीट!” आणि माझ्याच अंगणात फेकून दिली, “उतरा खाली.” माझी बायको दोन दिवस शेजारणींना तोंड दाखवत नव्हती. मी आता पुसदला राहतो, पण आजही कचऱ्यात हात घातला की मागे पंच वाजल्याचा भास होतो.

पाहुण्याला काकांच्या घरी केळं मिळे, पण खायला नव्हे, सोलायला. त्याचं सोलून होईपर्यंत काका समोर हात पसरून बसत. दसऱ्याला गावभर आपट्याची पानं सोनं म्हणून वाटली जात, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं सोनं काकांच्या ढिगात जमा असे. एवढा श्रीमंत माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नव्हता. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ असं कुणी चिडवलं की काका छाती काढत. “बारा वर्सं कायले? मी तीन महिन्यात फेडतो.”

आणि ढीग तापायचाही तसाच. थंडीत गल्लीतली मांजरं शेगडी सोडून त्याला टेकून झोपत. काका त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवत, थोड्या वेळाने बाहेर काढून मुठीत धरत, आणि हात भाजला की त्यांचा चेहरा बोर्डात पहिल्या आलेल्या पोराच्या बापासारखा होई. मी एकदा हौसेने ती सळई धरली. पुढचा आठवडाभर मी डाव्या हाताने जेवलो.

स्वातीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं तेव्हा काकूंनी मंगल कार्यालय पाहून ठेवलं होतं. काका म्हणाले, “कार्यालयात लग्न केलं तं पत्रावळी कोनाच्या? कार्यालयवाल्याच्या! उष्टं कोनाचं? त्याचं! लग्न आपलं अन् खत त्याचं?”

“लग्न पोरीचं हाय का ढिगाचं?” काकू किंचाळल्या. भिंतीपलीकडे मी श्वास रोखून ऐकत होतो. पलीकडून ढिगावर बादली ओतल्याचा आवाज आला, यावरून काय ते समजा. लग्न अंगणात ठरलं. ढीग हटणार नव्हता, म्हणून काकूंनी त्याच्यापुढे पडदा, पडद्यापुढे फुगे आणि फुग्यांपुढे पाहुण्यांचा सोफा लावला.

आता इवाईबुवा, म्हणजे काकांचे व्याही, कोण? तर आर्णीचे कृषी केंद्रवाले. आयुष्यभर खताची पोती विकलेला माणूस. ‘आमाले काही नको’ हे ते इतक्या वेळा म्हणाले होते की काय काय नको ते सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. फ्रीज नको, दिवाण नको, मोटरसायकल तर बिलकूल नको, “पोरगं चालत जाईन, पाय दुखतीन थोडेसे, पन नको.” अशा माणसाला थंडीच्या सकाळी नेमकं ढिगापुढे बसवलं. त्या दिवशी ढिगालाही लग्नाचा उत्साह चढला असावा. त्याने वाफ सोडली, आणि कढी गेली.

पडदा ओला होऊन खाली पडला. मागे काका दोन्ही हात पसरून उभे, फेट्यातून कढी ठिबकतेय, कानावर कढीपत्ता. मांडव हसला. इवाईबुवा सोडून.

“आमाले उकिरड्यापुढं बसोलं?” त्यांचा आवाज आता आगीपेक्षा मोठा झाला. “हा ढीग उचला, मंगच अक्षदा पडतीन. नाही तं वरात वापस!”

हसू विरलं. काकू खांबाला धरून खाली बसल्या. काकांनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग मुंडावळ्या बांधलेल्या स्वातीकडे, आणि भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं.

“उचलतो,” ते म्हणाले. “पन टाकू कुठं?”

“मामाजीच्या गाडीत टाका, बाबा,” स्वाती उठून म्हणाली. मग सासऱ्याकडे वळून म्हणाली, “मामाजी, तुमी फ्रीज नको म्हनले, दिवान नको म्हनले, गाडी नको म्हनले. खत नको असं तं नाही म्हनले ना? हे माह्यं आंदन.”

कुठल्याशा म्हाताऱ्याने मागून पुस्ती जोडली, “खत खताच्या दुकानात चाललं, त्यात बिघडलं काय?” त्यावर जो हशा उसळला, तो आर्णीपर्यंत ऐकू गेला असणार. भरल्या मांडवात इवाईबुवा तिसऱ्यांदा ओरडू शकले नाहीत. अक्षता पडल्या.

पाठवणीला इतर बाप सांगतात, सासूसासऱ्यांची सेवा कर. काका रडत रडत सांगत होते, “आठ दिसानं पालटजो. कढीनं वला झाला, सुकं टाकत जाजो. कुटार-भुसा भेटते तिथं, काटकसर नको करू.” वरातीच्या पिकअपमध्ये ढीग, त्यावर ताडपत्री, पुढे नवरदेवाची गाडी. काकांनी खिशातून पंच काढला, पिकअपच्या फळीवर दोनदा वाजवला, आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवली.

अंगणात एक काळा गोल डाग उरला. त्यावर खुर्ची टाकून काका रोज सकाळी आर्णीला फोन लावायचे, तोही पोरीला नव्हे, इवाईला. “गरम हाय काय?”

“मले काय माहीत!” सुरुवातीला तिकडून फोन आपटला जायचा. मग उत्तर बदललं, “पोरीले विचारा.” आणि एका सकाळी मी भिंतीवरून ऐकलं, इवाईबुवा फोनमध्ये ओरडत होते, “आताच सळई धरली ना बाप्पा, हात भाजला माह्या!”

काकांनी समाधानाने फोन ठेवला. काकूंचा मात्र त्या दिवशी बांध फुटला. “रोज फोन करता, रोज ढिगाचं विचारता! पोरगी कशी हाय, सुखात हाय का नाही, एकदा तरी इचारलं?”

काका पंच पुसत म्हणाले, “ढीग गरम हाय, म्हंजे त्या घरात तिचं चालते.”