ताईला विमान समजावताना

वायुसेनेतून निवृत्त होऊन अकोल्यात घर बांधलं, तेव्हापासून एकच प्रश्न माझा जीव खातो: "लढाऊ विमान अ‍ॅव्हरेज किती देते?" पानठेल्यावर विचारतात, लग्नात विचारतात, मयतीतसुद्धा विचारतात. मी आधी चिडतो आणि मग अर्धा तास सांगत बसतो. स्वभावच तसा, काय करता! पण गेल्या हिवाळ्यात वरूडला ताईकडे सांगायला बसलो, तेव्हा मात्र चिडायची सोय नव्हती.

ताईची पोरगी वायुसेनेत वैमानिक व्हायला गेली होती. पहिलं प्रशिक्षण संपलं आणि तिला लढाऊ विमानं मिळाली. ताई समजत होती, पोरगी सामान वाहणारं विमान चालवेल. खरं कळल्यावर तिनं पोरीशी बोलणंच टाकलं. पोरगी रजेवर घरी आलेली, ती रजाही संपत आली. "आई अशीच गप रायली त मी जाऊ कशी, मामा? तिकडं मन लागन काय माहं?" फोनवर भाची रडायला लागली, तसा मी अमरावतीची एसटी धरली आणि तिथून वरूड गाठलं.

भाऊजींनी बागेतच गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा बेत केला होता. संत्र्याची तोडणी आटोपलेली, ऊन कोवळं, वांग्याची भाजी रटरटत होती. असं जेवण नशिबात असलं की मी सुखी माणूस. भाऊजी पोरीच्या बाजूचे, म्हणून ताईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारत होते.

"हे मल्टीरोल म्हणजे काय असते बाप्पा?"

"एकाच फेरीत आकाशातल्या विमानाशी लढते अन् जमिनीवर बॉम्बबी टाकते. पहिले त्याले दोन वेगळी विमानं लागत."

"म्हणजे एकच ट्रॅक्टर. मागं नांगर लावा का ट्रॉली."

"तसंच समजा."

"अन् अ‍ॅव्हरेज?"

"भाऊजी!" मी ओरडलो. "आवाजाच्या पुढं पळते ते. जास्तीच्या जोरासाठी आफ्टरबर्नर लावला का टाकीले भोक पडल्यावानी तेल जाते. म्हणून उडता उडता दुसऱ्या विमानातून तेल भरतात." मग मी सुटलोच. जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं ओझं पंखाखाली घेऊन उडतं, रडार एकाच वेळी कितीतरी विमानांवर नजर ठेवतं, आणि जोरात वळलं की आत बसलेल्याचं वजन नऊपट होतं.

"नऊपट?" ताई पहिल्यांदा बोलली. भाचीच्या काडीसारख्या हातांकडे तिनं एकदा पाहिलं. "अन् वरतं बिघडलं त?"

मी हातातला रोडगा ताटात ठेवला. "सीट असते, ताई. दोन पायाच्या मधात एक दांडी हाय. ओढली का वरची काच उडते, सीटखालचं रॉकेट पेटते अन् माणूस सीटसकट बाहेर. पॅराशूट आपोआप उघडते. मी जिंदगीभर त्याच सीटा बसवल्या. भरोसा ठेव."

"सीट चांगलीच असन, तू बसवली त. पण हे पोरगी दांडी ओढन काय?"

ताईची शंका खोटी नव्हती. ही पोरगी लहानपणी उतारावर सायकलचा ब्रेक गेला तेव्हा उडी मारायची सोडून हँडल धरून बसली होती. हनुवटीवरच्या टाक्यांची खूण अजून आहे.

"विमान सरकारचं हाय," ताई पोरीला म्हणाली. "सरकार दुसरं आणन. मी तुले कुठून आणू?"

"ओढीन ना, आई."

"माह्याकडं पाहून सांग."

भाचीनं आईकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला कधीच जमलं नाही. "खाली गाव असलं त नाही ओढणार," ती हळूच म्हणाली.

भाऊजींचा घास हातातच राहिला. झालं, आता ताई उठून जाते, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी त्या पोरीचा मला अभिमानही वाटला.

ताईनं पदरानं डोळे पुसले. तुपाची वाटी उचलली आणि पोरीच्या वरणावर सगळीच रिकामी केली.

"मंग गाव सोडून ओढजो," ती म्हणाली. "पण ओढजो."