थंडीत सायकलवरून धुळ्याला

पिंप्राळ्यातून निघालो तेव्हा उजाडायचं होतं आणि थंडी अशी की ब्रेकवर बोटं वळत नव्हती. धुळ्याला विलासकडे जायचं होतं. आम्ही दोघांनी कित्येक हिवाळे हा रस्ता सायकलनं केलेला. कधी पुढे सोनगीरच्या किल्ल्यापर्यंतही जायचो. दिवाळीआधी त्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तो कोणाशी धड बोलत नाही, असं वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या. मी सायकल घेऊन दारात उभा राहिलो तर तो उठून बसेल, अशी माझी समजूत होती.

थंडीत कपडे कसे घालायचे हे त्यानंच मला शिकवलं. अंगालगत घाम न धरणारा पातळ टी-शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर, वरून वारा अडवणारं जॅकेट. चढ आला की एक उतरवायचं, थांबलं की लगेच चढवायचं. यंदा टोकायला तो नव्हता. घाईत मी आत सुती बनियन घातलं आणि एरंडोलच्या पुढे घामानं चिंब झालो. पारोळ्याला चहाच्या टपरीवर थांबलो तर तोच घाम गार पडला. दात वाजू लागले, कप हातात धरवेना.

टपरीवाल्या म्हाताऱ्या अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवून पाहिला. "भाऊ, बठ्ठं वलं शे ना! काढा पह्यले." (सगळं ओलं आहे, आधी काढा.) त्यांनी मला चुलीजवळ बसवलं, बनियन वाळत टाकलं, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पुढे केला.

"इतली थंडीमा कोठे चालनात?"

"मित्र आजारी आहे. त्याला उठवायला."

"उठी, उठी," (उठेल, उठेल) अक्का म्हणाल्या.

दुपारी धुळ्यात पोहोचलो. विलासला उन्हात बसवायचं म्हणून वहिनी त्याला कपडे चढवत होत्या. आधी निकामी डावा हात, मग मान, मग उजवा. शर्ट झाला, आता स्वेटर. मी मदतीला गेलो. कोपर वाकेना. स्वेटरात डोकं अडकलेलं असतानाच आतून तो म्हणाला, "राहू दे."

"सायकलनं आलोय रे. बाहेर उभी आहे."

आम्ही स्वेटर काढून घेतला. त्यानं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कशाला आणलीस? घेऊन जा ती." जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी बराच वेळ त्याचा उजवा हात धरून बसलो. त्यानं तो काढून घेतला नाही, माझा धरलाही नाही.

निघताना दारात वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून काल दाढी करून घेतली हो त्यांनी."

परत पायडल मारायचं बळ नव्हतं. केळी उतरवून जळगावला रिकामा निघालेला टेम्पो मिळाला; सायकल मागे आडवी टाकली. पारोळ्याला टपरी दिसली तेव्हा मी मान फिरवली. अक्कांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? विलास आता उठणार नाही, हे मला त्याच्या खाटेशेजारीच कळलं होतं.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाईन, बसनं. आधी कळवणार मात्र नाही; माझ्यासाठी त्याला दाढी करून बसावं लागू नये.