नऊ फेब्रुवारीची चाचणी

माझा नातू संघपाल कुणावर जळून राहिला आहे हे ओळखायला मला त्याच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. तो चहात पोळी बुडवून खाणं बंद करतो. एरवी अशा दोन पोळ्या सहज संपवणारा माणूस, जळायला लागला की नुसता चहा पितो आणि कप आपटून ठेवतो. २०२४च्या जानेवारीत आमचे तीन कप फुटले. ह्याच्या आधी एवढी तूटफूट झाली होती ती त्याचा मावसभाऊ तलाठी झाला तेव्हा.

संघपाल छत्तीस वर्षांचा. अकोल्यात खुशालराव म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्या कंपनीत तो कामाला. अकोल्याचे आणि अमरावतीचे काही अडते शेतकऱ्याचं धान्य मोजतात, त्या प्रत्येक वजनाची पावती ह्या कंपनीच्या कॉम्प्युटरमधून निघते. तुरीचं पोतं काट्यावर चढलं की आकडा तिकडे जातो आणि पावती इकडे येते. मी त्याच धान्यबाजारात एकतीस वर्षं मापारी होतो, म्हणजे काट्याजवळ उभं राहून वजन पुकारणारा. म्हणून नातू आणि मी एकाच धंद्यातले, असं मी भेटेल त्याला सांगतो. संघपालला ते आवडत नाही, पण खोटंही म्हणता येत नाही.

हा मुलगा कॉम्प्युटर शिकला तो एका जिनिंगच्या ऑफिसनं भंगारात काढलेल्या डब्यावर. तो डबा मी सायकलला बांधून आणला होता. वाटेत त्याचं एक झाकण पडलं, ते आजवर सापडलं नाही. कुठल्याशा मासिकासोबत आलेली चकती त्यानं त्यात घातली आणि लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालवून दाखवली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे त्यानं मला तेव्हाच समजावलं: यंत्राचा कारभारी. कुणाचं काम आधी, कुणाचं मागून, कुणाला किती जागा, हे सगळं तो बघतो. कारभारी धड नसेल तर यंत्र कितीही महागाचं असो, रांग तुंबणारच. मी म्हटलं, एवढं तर मला चौथीतच कळलं होतं, आमच्या शाळेत गुरुजी एक आणि वर्ग चार होते.

खुशालरावांच्या यंत्रावर संघपालनं स्वतःच्या हातानं सेंटओएस नावाची सिस्टिम बसवली होती. नऊ वर्षं ती चालली. पण तिची देखभाल त्या जूनमध्ये कायमची थांबणार होती, आणि खुशालरावांनी ठरवलं की आता यंत्र ऑफिसात ठेवायचंच नाही, क्लाउडवर जायचं. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मोठ्या इमारतीतली भाड्याची यंत्रं; ती तिकडे चालतात, आपण अकोल्यात बसून वापरायची. पूर्वी अडते गोदाम भाड्यानं घेत, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की ह्या गोदामाची किल्ली कुणाच्या कमरेला दिसत नाही.

आता भाड्याच्या यंत्रावर कारभारी कोण बसवायचा? विंडोज सगळ्यांच्या ओळखीची, पण तिचा परवाना घ्यावा लागतो म्हणून खुशालरावांनी ती पहिल्याच दिवशी खोडली. संघपालचं म्हणणं, रॉकी लिनक्स घ्या. ती जुनीच्याच घराण्यातली, आपले जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालतील आणि दहा वर्षं दुरुस्ती मिळत राहील. हे ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. एक मान हलली नाही.

ती प्राजक्ताची. तिवशाची मुलगी, शेतकऱ्याच्या घरची, अमरावतीला इंजिनियर झालेली. वय पंचवीस. कंपनीत येऊन तिला सात महिने झाले होते. ती म्हणाली, उबुंटू घेऊ. दुरुस्ती फुकटात पाचच वर्षं मिळते हे खरं, पण तिच्यातले प्रोग्राम नवे असतात, अडलं तर मदत लवकर मिळते, आणि अमरावतीच्या ऑफिसातली चारही मुलं तीच शिकून आली आहेत. रॉकी संघपालदादा सोडून कुणाला येते?

शेवटचं वाक्य संघपालला लागलं. खुशालरावांनी वहीत ‘प्राजक्ता’ एवढं लिहून खाली रेघ मारली, ती रेघ तर फारच लागली. घरी येऊन त्यानं मला तिच्या सगळ्या खोडी सांगितल्या. ती हसून बोलते. ती मालकाला प्रश्न विचारते. तिचा डबा सगळे खातात. मी म्हटलं, ह्यातली खोड कोणती? तर त्यानं कप आपटला.

खुशालरावांनी तोड काढली. चाचणीसाठी एक यंत्र भाड्यानं घ्यायचं. बाजाराच्या खऱ्या पावत्यांवर एक दिवस रॉकी चालवायची, एक दिवस उबुंटू. जिची पावती लवकर येईल ती ठेवायची, आणि ती सुचवणाऱ्याच्या हाती दोन्ही शहरांच्या कामाचा चार्ज द्यायचा. नऊ वर्षं जे काम संघपालचंच होतं, ते कागदावर कुणाचं होणार ह्याचा हा निकाल होता. संघपाल जुना माणूस, म्हणून दिवस त्यानं ठरवले.

अठरा तारखेच्या रविवारी सकाळी तो कागद घेऊन माझ्यापुढे बसला आणि चहात पोळी बुडवली. मी समजलो, जिंकला. कागदावर होतं: रॉकीची पावती अर्ध्या सेकंदात, उबुंटूची अडीच सेकंदांत. मंगळवारी खुशालराव सगळ्यांसमोर जाहीर करणार होते. मला इतका आनंद झाला की मी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचायला घेतला.

माझी एक सवय आहे. पावती हातात आली की मी आधी तारीख पाहतो, वजन मागून. रॉकीची तारीख होती नऊ फेब्रुवारी. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी पौर्णिमा होती, आम्ही सगळे विहारात वंदनेला गेलो होतो, खिरीचं भांडं संघपालनंच उचललं होतं. तिथून पंधरा दिवस मोजले. आमच्या घरात पौर्णिमा पाळतात. अमावस्या मला बाजारानं शिकवली. त्या दिवशी आमच्या लाइनीतले अडते काटा लावत नसत. अजूनही लावत नाहीत.

“अबे, नऊले त अमावस्या होती,” मी म्हटलं. “काटे बंद. पावत्या कोणाच्या मोजल्या तुनं?”

त्याची पोळी चहात पडली. तो चमच्यानं ती काढायला लागला. मग म्हणाला, दिवस मुद्दाम नव्हता निवडला. सकाळी ऑफिसात गेल्यावर पाहिलं तर दोन-चार गोदामांच्या पावत्या तेवढ्या येत होत्या, यंत्र जवळजवळ रिकामंच. चाचणी तेव्हाच थांबवता आली असती. मग बारा तारखेला, भर सोमवारी, तिच्या उबुंटूवर तुरीच्या हजारो पावत्या पडल्या, तेव्हाही तो गप्प बसला.

त्याला मी रागावलो नाही. कसा रागावणार? मी त्याला पुंजारामची गोष्ट सांगितली. तोवर ती मी घरात कुणालाच सांगितली नव्हती, आणि मी काय काय सांगत असतो हे घरच्यांना विचारा.

पुंजाराम माझ्या शेजारच्या काट्यावरचा मापारी. आवाज असा, की वजन पुकारलं तर बाजाराच्या फाटकावरचा माणूस ऐकून मान डोलवायचा. शेतकरी माझा काटा मोकळा असताना त्याच्या रांगेत उभे राहायचे. मी आतून नुसता धुमसत असे. एका सकाळी मी पाहिलं, त्याच्या वजनाच्या पारड्याखाली काळ्या मातीचा गोळा चिकटला होता. त्यामुळे दर मापाला शेतकऱ्याचा माल जास्त जाणार. मला दिसलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. दुपारी एका शेतकऱ्यानं ते पकडलं. भर बाजारात पुंजारामला चोर म्हटलं गेलं आणि त्याचा काटा गेला. त्यानंतर त्याची सगळी रांग माझ्याकडे आली. वजन पुकारताना माझाच आवाज माझ्या कानाला बोचायचा.

“मले दिसलं होतं, एवढं मी त्याले कधी सांगितलं नाही,” मी म्हटलं. “आता तो राह्यला नाही. तुही प्राजक्ता मॅडम मंगळवारी हापिसात येणार हाये.”

मंगळवारी खुशालरावांच्या खोलीत संघपालनं कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, प्राजक्तासमोर. ही हकीकत त्यानंच मला सांगितली, म्हणून मी शब्द फिरवत नाही.

प्राजक्ता म्हणाली, “मले त्याच दिवशी समजलं होतं, दादा. आमच्या तिवश्यातून अमावस्येले कोणी माल घेऊन निघत नाही.”

“मग बोलल्या कावून नाही?”

“तुमी सांगता का, ते पाहून राहिली होती.”

खुशालराव चिडले. ते त्याला काय काय बोलले ते तो सांगत नाही, मीही विचारलं नाही. पुन्हा चाचणी झाली. ह्या वेळी दोन यंत्रं, एकाच बाजाराच्या दिवशी, एक पावती इकडे तर पुढची तिकडे. वेगात दोघी जवळजवळ सारख्या निघाल्या, उबुंटू केसभर पुढे. रॉकीवर जुने प्रोग्राम हात न लावता चालले, उबुंटूवर तीन ठिकाणी दुरुस्ती लागली. पण ती दुरुस्ती अमरावतीच्या मुलांनी दोन दिवसांत करून दिली, तेव्हा खुशालरावांना कौल द्यायला वेळ लागला नाही. उबुंटू घेतली. चार्ज प्राजक्ताकडे गेला.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर माणसाची जळजळ थांबते. चूक. संघपाल आता दुप्पट जळतो. पूर्वी ती फक्त हुशार होती, आता भलीही आहे, आणि ह्यावर इलाज नाही. मेमध्ये सगळ्या पावत्या नव्या यंत्रावर न्यायच्या होत्या. त्या आधी एका संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला, पोळीला हात लावला नाही.

“आता काय झालं?” मी विचारलं.

“सगळ्या लोकायसमोर म्हणाली, काम हलवायचा दिवस संघपालदादा ठरवतील, बाजाराचं त्यायलेच कळते,” तो म्हणाला. “असं बोलून तिनं मले अजून जाळलं, आबा.”

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, मे महिन्यात काटे कधी बंद असतात. मी पौर्णिमेपासून मोजायला लागलो. त्यानं कप आपटला. काही फुटलं नाही; त्याच्या बायकोनं, दीपमालानं, फेब्रुवारीतच स्टीलचे पेले आणून ठेवले आहेत.