आक्काने निवडलेला डिंक

आमची आक्का कुठलीही वस्तू आधी नाकारायची आणि मग घ्यायची. कुंभाराच्या दारी गेली की सगळी मडकी वाजवून बघे आणि प्रत्येकाला “हे न्हाई” म्हणे. कुंभार वैतागून घरात निघून गेला की नाकारलेल्यांतलंच एक उचलून आणायची. पेडगावात तिचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. ‘न्हाईआक्का’ म्हटलं की शेंबडं पोरही आमचं दार दाखवायचं. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. मी कळती व्हायच्या आधीच माझी आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं.

कुणाच्या घरी लग्न निघालं की डाळ निवडायला आक्काला हमखास बोलावणं यायचं. सूप मांडीवर घेऊन ती डोळे अर्धे मिटायची आणि बोटं फिरवत राहायची. “डोळा फसवतोय. बोटाला इचारावं,” असं तिचं म्हणणं. तिच्या हातच्या डाळीत खडा लागला, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा तिला चिडवायचे, “आक्के, यमाचा दूत आला तरी तू त्याला, हा न्हाई, दुसरा धाड म्हणशील.” मग आक्का त्यांच्या अंगावर मूठभर फोलपटं टाकायची आणि तोंड फिरवून हसायची.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा हिवाळा. सरकारचा ताडीवरचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं तोडली, त्यापायी दादांना पकडून परभणीच्या तुरुंगात घातलं होतं. आक्का भेटीला गेली तेव्हा फाटकावरच्या जमादाराने तिला आत सोडलं नाही. तुमचा भाऊ तापाने फणफणलाय, अन्नाला शिवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो, एवढं मात्र त्याने सांगितलं. आक्काने त्याच्यापुढे पदर पसरला. मग तो हळूच म्हणाला, “खाने की चीज नक्को. लिखा हुआ भी नक्को. बच्ची के हात की कुछ तसवीर-बिसवीर लाए तो देता मैं अंदर.”

दादा दर संक्रांतीला परभणीहून माझ्यासाठी छापील कार्ड आणायचे, हे आक्काला आठवलं. आता दादांना कार्ड मी करायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. “पोरीच्या हातचं बघून त्याला घासभर खावंसं वाटंल,” असं ती येईल-जाईल त्याला सांगत सुटली. तिच्यापाशी दुसरा उपायच उरला नव्हता. तिचा चेहरा बघून मला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने आम्ही परभणीच्या बाजारात गेलो. हिंद सरकारने संस्थानाची नाकेबंदी केल्यामुळे दुकानं ओस पडली होती. एका म्हाताऱ्या कागदवाल्या चाचांकडे थोडाफार माल शिल्लक होता. आक्का ओट्यावर बसली आणि तिचं सुरू झालं. पहिला कागद कानाशी धरून हलवला. “हे न्हाई. पातळ हाय, पोरीच्या हातात चुरगळंल.” दुसरा गुळगुळीत निघाला. “हे बी न्हाई. डिंक धरायचा न्हाई.” शेवटी चाचांनी ईदच्या कार्डांचा जाड पांढरा कागद काढला. तो तिने ओढून, वाकवून, कोपरा चावूनसुद्धा पाहिला आणि मगच मांडीवर ठेवला. कात्री बोथट टोकाची घेतली, कारण माझा हात कोवळा. बाटलीतला डिंक तर तिने हुंगूनच परत केला. “आमच्या बांधावर बाभळ हाय. तिचा डिंक मी भिजवीन. त्यो लय पक्का.”

रंगीत पतंगी कागदांची पाळी आली. आक्का प्रत्येक कागदाला ओला अंगठा लावायची आणि अंगठा बघायची. लाल उतरला, निळा उतरला, जांभळ्याने तर तिचा पदरही डागाळला. “रंग सुटायलाय ह्येचा. माझ्या भावाचा हात तापानं घामेजलेला असंल. त्येच्या बोटांना रंग लागून चित्र पुसायचं.” चाचा हात जोडून म्हणाले, “अम्मा, बच्ची के खेलने कोच लेते ना?” आक्काने पुढच्या कागदाला अंगठा लावला. दोनच कागद तिच्या कसोटीला उतरले, एक नारिंगी आणि एक हिरवा. “गाजर झालं, हरभरा झाला. सुगड करू, माय,” ती मला म्हणाली. त्या दिवशी बाजारातून परतताना ती पहिल्यांदा जरा सैल झाली.

घरी मी कार्ड केलं. आमच्याकडे संक्रांतीला बायका सुगडात, म्हणजे त्या छोट्या मडक्यात, गाजर, तीळ, हरभऱ्याचे घाटे घालून वाण देतात. मी सुगडातलं ते सगळं कार्डावर मांडलं. खाली हरभऱ्याचा पाला, मध्ये खरे पांढरे तीळ चिकटवलेले, वर गाजरं. आक्काने डिंकाची वाटी धरली होती. ती सारखी म्हणत होती, “अजून लाव. वाटंत सुटाया नगं.” कार्ड वाळल्यावर तिने ते चोळून, झटकून पाहिलं. एक तीळही पडला नाही.

भेटीच्या दिवशी जमादाराने कार्ड हातात घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. “ये क्या लाए, माँ? ये तो झंडा है.” आक्काला काही कळेना. ती बोट ठेवून सांगू लागली, “गाजर हाय, साहेब. हे तीळ. हा हरभरा.” आणि सांगता सांगताच तिला ते दिसलं. वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. ज्या झेंड्यापायी त्या दिवसांत माणसं मार खात होती, तो आम्ही सुगड समजून तुरुंगाच्या फाटकावर आणला होता.

जमादार वाईट नव्हता. “एक रंग निकालो, मैं देता. जल्दी करो, फाटक बंद करने का टैम हुआ.” आक्का तिथेच मातीत बसली आणि नखांनी गाजरं खरवडू लागली. बाभळीचा डिंक सुटेना. थुंकी लावली, रंग उतरेना. कार्डाचा वरचा भाग फाडून टाकावा म्हणून तिने दातात धरून ओढला, पण तो जाड कागद नुसता वाकला. कात्री घरी राहिली होती. मी रडत होते, आणि आक्का त्या कागदालाच विनवत होती, “निघ रं बाबा, निघ.” तिच्या नखांतून रक्त आलं. जमादाराने दोनदा हाक मारली आणि मग फाटक लावून घेतलं. आतून म्हणाला, “अगली बार, माँ.”

ती अगली बार आली नाही. पौष सरायच्या आत दादा गेल्याचा निरोप आला. त्या कार्डाने दादा वाचले असते का, हे मी आजही सांगू शकत नाही. आक्काला मात्र त्याबद्दल कधी शंका नव्हती.

त्यानंतर तिने काही निवडलं नाही. कुंभार दारात आला की तो देईल ते मडकं ती घ्यायची. डाळ पोत्यातून काढून तशीच चुलीवर चढवायची. आमच्या जेवणात खडे येऊ लागले. दाताखाली खडा आला की मी तो गुपचूप गिळायची, तिच्यासमोर थुंकायचा मला धीर होत नसे. लग्नघरची बोलावणी थांबली. तिला न्हाईआक्का म्हणायचंही लोक हळूहळू विसरले, कारण ती आता कशालाच न्हाई म्हणत नव्हती.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. गावात दारोदारी झेंडे लागले. मी पेटीतून ते कार्ड काढलं. गाजरांवर नखांचे ओरखडे होते, रंग तसाच होता. दारावर लावू का, असं मी भीत भीत विचारलं. आक्काने त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग उठली, स्वतःच वाटीत डिंक भिजवला आणि माझ्या हातात दिला.

“थोडाच लाव, माय,” ती म्हणाली. “काढाया गेलं तर निघाया पायजे.”