बाभळीतली कडी
व्हार्निशचा वास आला की नव्वदच्या दशकातलं बारामतीचं ते काष्ठशिल्पांचं प्रदर्शन आठवतं. आम्ही कॉलेजच्या तिघी मैत्रिणी गेलो होतो. खोडातून कोरलेल्या एका चकचकीत मोरापुढं लोणी भापकर गावची मैत्रीण थबकली. खाली ‘निसर्गाची देणगी’ असं लिहिलं होतं. लाकडात रुतलेली लोखंडी कडी दाखवत ती कलाकाराला म्हणाली, “ही आमच्या आबांनी शेळ्या बांधायला ठोकलेली. आमची बाभळ तुमीच तोडली व्हय?” तो हसला. “वाळलेलं झाड होतं, ताई. मी त्याला रूप दिलं.” “वाळलेलं न्हवतं! पाडव्याला शेंगा हुत्या तिला!” ती ओरडली. लोक बघायला लागले, तशी मला लाज वाटली आणि मीच तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्या माणसावरचा तिचा राग कधीच ओसरला. माझ्यावरचा अजून तसाच आहे.