रेषेबाहेर उभं राहताना

अकरा वर्षं एका सरकारी खात्याच्या संघातून मी बास्केटबॉल खेळले. नोकरीच खेळाची होती. डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता चाला, पळू नका." मी अमरावतीला परतले आणि मुलींच्या एका संघाची कोच झाले.

मला वाटायचं, खेळता येतं म्हणजे शिकवताही येणारच. सराव सुरू झाला की पाच मिनिटांत मी कोर्टावर. "अशी वळ, असा पास दे," म्हणता म्हणता चेंडू माझ्याच हातात. घरी जाऊन गुडघ्याला बर्फ लावायचा. दोन महिन्यांत बारा मुलींच्या सात झाल्या.

आमची कॅप्टन अंजनगाव सुर्जीची, शिकायला इथे होस्टेलवर राहायची. एकदा सरावानंतर तिला विचारलं, "बाकीच्या का येत नाहीत गं?"

"राग नका मानू, मॅडम. तुमी खेळून राहिल्या, आमी पाहून राहिलो. नुसतं पाहायले कोण येईन?"

राग आलाच. घर येईपर्यंत मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी मात्र मुद्दाम चपला घालून गेले, म्हणजे कोर्टावर उतरताच येणार नाही. रेषेबाहेर उभी राहिले, हात मागे बांधून. पहिलाच पास चुकला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात मागेच ठेवले. मग त्यांनीच तो पुन्हा करून पाहिला.

गेलेल्यांपैकी तिघी परत आल्या.

हिवाळ्यात अकोल्याला सामना होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. टाइम-आउटमध्ये मी सांगितलं, बास्केट कॅप्टनच करेल. तिच्या हातात चेंडू आला, दोघी तिच्या अंगावर धावल्या, आणि तिनं तो कोपऱ्यातल्या आमच्या सगळ्यात बुटक्या मुलीकडे टाकला. मी "नको!" म्हणून ओरडले. त्या मुलीनं फेकलेला चेंडू रिंगवर आदळून बाहेर आला. हरलो.

"ते पोरगी मोकळी होती न, मॅडम," कॅप्टन म्हणाली.

होती खरी. कॅप्टनच्या जागी मी असते, तर मला ती दिसलीच नसती. तसं मी तिला सांगितलंही.

परतताना एसटी मूर्तिजापूरला थांबली. चहाच्या टेबलावर मुलींनी पेले मांडून शेवटची चाल पुन्हा रचली. हा पेला तू, हा मी.

"तू पयलेच वळली असती तं?"

"अन् तू काहून थांबली मंग?"

मला कुणी काही विचारत नव्हतं. शेजारच्या बाकावर बसून मी ऐकत राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. शेवटी मीच उठले.

"चला पोरींनो, उरलेलं गाडीत भांडा."